अर्धा कान

गाणे कसे ऐकावे यासंबंधी आपल्याकडील जाणकारांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. श्रोत्याने वेळेवर येऊन बसावे, तंबोरे जुळत असल्यापासूनच चित्त एकाग्र करावे, शेजाऱ्याशी बोलू नये, भलत्या जागी मान डोलवू नये, आणि भैरवी संपल्याखेरीज उठू नये, असा त्या उपदेशाचा साधारण मथितार्थ आहे. तो सर्वस्वी योग्य आहे. ज्या कलावंताने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे स्वरांच्या आराधनेत घालविली, त्याच्यासमोर बसून आपण मनात वाण्याच्या बिलाची बेरीज करावी, हे सभ्यपणाचे लक्षण खचित नव्हे. तथापि या उपदेशात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ऐकणाऱ्याला त्या वेळी दुसरे काही काम नाही, ही ती गोष्ट. ज्याच्या घरी गाण्याच्या वेळी दूध उतू जात नाही, मूल रडत नाही आणि दारावरची घंटा वाजत नाही, अशा भाग्यवान पुरुषाला उद्देशून हे शास्त्र सांगितलेले आहे. ‘पुरुष’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. त्याचा खुलासा पुढे येईलच.

माझे स्वतःचे ऐकणे निराळ्या जातीचे आहे. मी त्याला अर्ध्या कानाचे ऐकणे म्हणते. निम्मा कान गाण्याकडे आणि निम्मा फोडणीकडे, अशी त्याची वाटणी असते. आयुष्यात मी मैफली अगदीच ऐकल्या नाहीत असे नाही. परंतु त्यांची संख्या बोटांवर मोजता येईल. उलट अर्ध्या कानाने ऐकलेल्या गाण्याच्या घटकांचा हिशेब मांडू गेले, तर तो कित्येक वर्षांचा भरेल. मग ज्या ऐकण्याने माझे आयुष्य इतके व्यापले आहे, त्याच्या बाजूने दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला असावा, असे वाटते.

माझे माहेर सांगलीचे. माझ्या लहानपणी आमच्या घरी रेडिओ होता, पण तो बाहेरच्या खोलीत, उंच फळीवर, विणलेल्या आच्छादनाखाली विराजमान झालेला असे. त्याच्यासाठी दरसाल पोस्टात परवान्याची फी भरावी लागे, आणि त्यामुळे त्याला घरातल्या एखाद्या वडील माणसाचा मान होता. तो लावावा वडिलांनी आणि बंद करावा वडिलांनी. आई आतून ऐके. पुढे वडिलांनी एक लहानसा ट्रान्झिस्टर आणला, आणि एके दिवशी सकाळी आईने तो सहज उचलून स्वयंपाकघरात मीठमिरचीच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवला. कोणी काही बोलले नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात एक लहानशी राज्यक्रांती झाली, हे मला आता कळते. तेव्हापासून सकाळची भक्तिगीते, दुपारची विविधभारती आणि रात्रीची ‘आपली आवड’ ही आईच्या कामांची नावेच होऊन बसली.

आईचे लग्न १९५५ साली झाले, आणि पहिली दोन वर्षे ती पुण्यास होती. त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’स आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांच्या चाली. दर आठवड्यास एक नवे गीत, याप्रमाणे वर्षभरात छप्पन गीते झाली. आईच्या बिऱ्हाडी रेडिओ नव्हता. शेजारच्या घरी ती सुपात तांदूळ घेऊन जाई आणि उंबऱ्याशी बसून निवडता निवडता ऐके. नव्या सुनेने नुसते गाणे ऐकण्याकरिता दुसऱ्याच्या घरी जाऊन बसणे बरे दिसले नसते. तांदूळ बरोबर असले की ते काम ठरे. ती म्हणे, “त्या वर्षी आमच्या भातात एक खडा कधी लागला नाही.” अर्ध्या कानाच्या श्रोत्याला काम हे विघ्न नसते, तर पुष्कळदा तो त्याचा प्रवेशपरवाना असतो, ही गोष्ट मी प्रथम या तांदळांवरून शिकले.

लग्न होऊन मी १९८३ साली पुण्यास आले ती एका पूर्ण कानाच्या माणसाच्या घरी. माझे यजमान जातिवंत श्रोते. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला ते विद्यार्थिदशेपासून जात आलेले. तेव्हा तो रात्रभर चाले, आणि पहाटेच्या थंडीत घोंगडी पांघरून ऐकलेल्या ललत-तोडीच्या आठवणी त्यांच्याजवळ पुष्कळ होत्या. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मोलाची वस्तू एकच होती, ती म्हणजे त्यांचे कॅसेट वाजविण्याचे यंत्र. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन ते मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व लावीत, आणि खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून ऐकत. मीही शेजारी बसून ऐकावे अशी त्यांची मनापासून इच्छा असे. पण संध्याकाळची ती वेळ पोळ्यांची.

“तू ऐकतेस कुठे?” एकदा ते म्हणाले. “तू तर पोळ्या लाटतेस.”

“अहो, पोळ्या मी हातांनी लाटते,” मी म्हटले. “कान मोकळेच आहेत.”

या वादाचा निकाल त्या दिवशी लागला नाही. पण पुरावा हळूहळू जमा होत गेला. डोळे मिटून गाणे ऐकणे आणि नुसतेच डोळे मिटणे यांमधील सीमारेषा फार पुसट असते. दिवसभर खपून आलेला मनुष्य विलंबित ख्याल ऐकताना कोणत्या क्षणी ती ओलांडतो, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. परंतु पोळपाटाशी उभ्या असलेल्या माणसाला ते बरोबर ऐकू येते. अर्ध्या कानाला झोप लागत नाही, कारण उरलेला अर्धा त्याला जागा ठेवतो. कॅसेटची एक बाजू साधारण अर्धा तास चाले. तेवढ्या वेळात माझ्या बारा पोळ्या होत आणि ती संपली की ‘खट्’ असा आवाज येई. तेव्हा बाजू उलटण्यासाठी बहुधा मलाच जावे लागे, आणि यजमान दचकून म्हणत, “वा, काय सुरेख गायला!”

पुढे आमची कन्या जन्मास आली, आणि पूर्ण कानाच्या सिद्धांताला खरा धक्का बसला. ती रात्री झोपत नसे. तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालण्याची एक पाळी माझी, एक यजमानांची. त्यांना अंगाईगीत म्हणून एकही येत नव्हते. तेव्हा ज्या एका रागाची आलापी त्यांना गुणगुणता येई, त्या यमनाची ते अतिविलंबित लयीत, शक्य तितक्या हळू आवाजात बढत करीत. मंद्र निषादावरून षड्जावर यायला ते इतका वेळ घेत की, तेवढ्यात मुलीचा डोळा लागे. विलंबित ख्यालाचा हा उपयोग कोणत्याही टीकाकाराने नमूद केलेला माझ्या पाहण्यात नाही. यजमान स्वतः मात्र त्या रात्रींबद्दल पुढे म्हणत की, यमनातला गंधार खरा कुठे बसतो हे आपल्याला मैफलीत कळले नव्हते. दीड वर्षाच्या पोरीच्या पाठीवर थोपटताना कळले. त्या वेळी त्यांचाही निम्मा कान तिच्या श्वासाकडे होता, हे सांगावयास नकोच.

हळूहळू गाणे आमच्या दिवसात मुरत गेले. रविवारी सकाळी यजमान तोडी लावीत, आणि रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे होत. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना एकदा दुसऱ्यांच्या घरी तोडीचे सूर ऐकून तिने मोठ्याने विचारले, “आई, यांच्याकडे पण पोहे आहेत?” तिच्या लेखी तो पोह्यांचा रागच होता. आम्ही हसलो, पण विचार केला तर तिच्या म्हणण्यात काही चूक नव्हती. आपल्या संगीताने दिवसाचे प्रहर स्वतःच वाटून घेतलेले आहेत. सकाळी भैरव-तोडी, दुपारी सारंग, तिन्हीसांजेला पूरिया, दिवेलागणीनंतर यमन. ज्या संगीताला घड्याळ आहे ते दिवसाच्या व्यवहारापासून फटकून कसे राहील? त्या प्रहरांत कोणी पूजा करीत असेल, कोणी ताक घुसळीत असेल, कोणी गुरे घरी आणीत असेल, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतेच.

आता अर्ध्या कानाचे मुख्य सामर्थ्य सांगते. आवड ही शिकवून येत नाही. ती कानावर पडून येते. आम्ही मुलीला कधी ‘बैस आणि मन्सूर ऐक’ असे म्हटले नाही. म्हटले असते, तर ती खात्रीने उठून गेली असती. ती जमिनीवर पडून चित्रे रंगवी आणि गाणे भिंतीवरून, फरशीवरून तिच्याकडे जाई. माझीही गोष्ट तीच. मी भावगीते आणि सिनेमातील गाणी यांवर वाढलेली. ख्याल मला प्रथम अंमळ लांबलचक वाटे. कोणत्या दिवशी तो मला आवडू लागला हे मला सांगता येणार नाही, कारण तो दिवस आलाच नाही. वाळत घातलेल्या कपड्याला ऊन लागते तसा तो लागत गेला. आणि मी भाजी निवडताना गुणगुणत असलेली लता मंगेशकरांची आणि आशा भोसल्यांची गाणी यजमानांनाही लागली. आज ते त्यांच्यातल्या मुरक्या मला समजावून सांगतात! संसारात दोन माणसे एकमेकांची आवड मान्य करतात ती बहुधा चर्चा करून नव्हे. दुसऱ्याचे गाणे आपल्या कामात मिसळू देऊन.

महाराष्ट्राला तर हे नवीन नाही. आपल्या बायकांचे सर्वांत जुने गाणे जात्यावरचे. पहाटे अंधारात उठून दळायला बसलेल्या बायकांनी रचलेल्या ओव्यांचा संग्रह पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून केला. त्यात लाखावर ओव्या जमल्या. लाखावर! सभागृहात बसून, तिकिटे काढून, या ओव्या कोणी ऐकल्या नव्हत्या. म्हणणारीचे हात खुंट्यावर होते आणि ऐकणारीचेही. जात्याची घरघर हाच तिचा तंबोरा होता. नाटकातील गाण्यांचीही तीच कथा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने जी संगीत नाटकांची लाट आणली, आणि पुढे १९११ साली ‘मानापमाना’ने जिला भरती आली, ती लाट नाटकगृहात थांबली नाही. बालगंधर्वांची पदे तबकडीवर साडेतीन मिनिटांत आवळून बसली आणि घरोघर शिरली. चाव्या देऊन चालणाऱ्या त्या ग्रामोफोनच्या आवाजात किती घरांत भांडी घासली गेली असतील!

येथपर्यंत लिहिल्यावर मला थांबून एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. तो आक्षेप मी स्वतःच घेतला आहे, आणि तो मला बराच काळ टोचत आला आहे. अर्ध्या कानाची ही जी मी स्तुती मांडली आहे, ती खरोखर सक्तीची स्तुती तर नव्हे? बायकांच्या वाट्याला अर्धाच कान येत गेला, आणि आता त्याच अर्ध्याला आम्ही अलंकार म्हणून मिरवीत आहोत, असे तर नव्हे?

माझ्या सासूबाईंचे उदाहरण सांगते. सासरे गाण्याचे मोठे शोकी. साताऱ्यास त्यांच्या वाड्यात वर्षातून दोन-तीनदा बैठक होई. पुढच्या सोप्यात गाद्या-तक्के पडत आणि पुरुषमंडळी बसत. बायका माजघरात. सासूबाईंकडे पंचवीस-तीस माणसांच्या चहाची व्यवस्था असे. गाणे त्यांना जिवापाड आवडे. पण प्रारंभीचा आलाप चालू असताना त्या कपबशा मांडीत असत, आणि शेवटची द्रुत लय ऐन रंगात आली असताना चहा गाळीत असत. “तराणा सुरू झाला की आधण ठेवायचं,” असे त्यांनी मला एकदा सांगितले. जणू तो स्वयंपाकातलाच एक नियम होता. नंतर थोडा वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, “माझ्या वाट्याला नेहमी मधला तुकडा यायचा.” त्या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते मी विसरू शकलेले नाही.

त्यांच्या उतारवयात त्या आमच्याकडे राहावयास आल्या, तेव्हा एके दिवशी दुपारी त्यांना मुद्दाम खुर्चीवर बसवून आम्ही एक संपूर्ण राग लावून दिला. स्वयंपाक झालेला, पाहुणे कोणी नाहीत, काम असे काहीच नाही. पाच-दहा मिनिटे त्या बसल्या. मग चुळबुळ करू लागल्या. हात मांडीवर ठेवावे की खुर्चीवर, हे त्यांना कळेना. शेवटी मला हळूच म्हणाल्या, “जरा कापूस दे ग. वाती वळते. हात रिकामे असले की माझे कान उघडत नाहीत.” कापूस दिला. मग मात्र त्यांनी सगळा राग ऐकला, तंबोऱ्याच्या पहिल्या झणत्कारापासून शेवटच्या तिहाईपर्यंत, आणि वातींचा ढीग पडला. मी दाराशी उभी राहून पाहत होते. मला आनंद झाला की वाईट वाटले, हे त्या वेळी ठरविता आले नाही; आजही येत नाही. सक्तीने लागलेल्या सवयीची माणसाला गोडी लागते, ही गोष्ट जितकी दिलासा देणारी आहे तितकीच भीतीदायकही आहे.

आपल्याकडे गाण्याला प्रतिष्ठित घराचा उंबरठा ओलांडायलाच किती खटपट पडली! विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईस त्याची शाखा आणली, तेव्हा गाणे ही सभ्य माणसाने शिकण्याजोगी विद्या आहे हे लोकांना पटवावे लागले. कुलीन घरातील मुलीने गावे, हे तर त्याहून अवघड. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी तिकीट लावून, व्यासपीठावर सन्मानाने बसून जलसे केले, तेव्हा कोठे बाईच्या गाण्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी पालटली. गाणारीला जागा मिळाली; पण ऐकणारीचे काय? तिचा प्रश्न कोणत्याही संगीतपरिषदेत निघाला नाही. तो घरातच सुटावयाचा होता आणि पुष्कळ घरांत तो अद्यापि सुटलेला नाही.

म्हणून माझे उत्तर असे आहे. अर्धा कान चांगला. पण तो घरातल्या सर्वांचा असावा. एकाने खुर्चीत बसून पूर्ण कानाने ऐकावे आणि दुसऱ्याने त्या खुर्चीची सोय लावीत अर्ध्याने ऐकावे, ही वाटणी न्यायाची नव्हे. जात्यावरची ओवी गोड असली तरी कोणत्याही शहाण्या बाईने ओवीसाठी जाते परत मागितलेले नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा सर्वांनी हुश्श केले, आणि ते बरोबरच केले. सक्ती जाऊन गोडी तेवढी राहावी, हेच पाहावयाचे असते, आणि त्याला उपाय एकच आहे. घरातले काम वाटून घेणे. ते वाटले की कानही आपोआप वाटले जातात.

आमच्या घरी ही वाटणी एका दिवसात झाली नाही. मी शाळेत शिकवीत असे. वह्या तपासण्याचे दिवस आले की स्वयंपाकाची ओढाताण होई. प्रथम यजमान कॅसेट उलटण्यासाठी स्वतः उठू लागले. मग मटार सोलावयास बसू लागले, आणि मटार सोलताना गाणे अधिक चांगले ऐकू येते, असा शोध त्यांनी मोठ्या गांभीर्याने मला सांगितला. मी आश्चर्य दाखविले. पुढे कणीक, आमटी, कुकर, असे एकेक प्रांत त्यांच्या अमलाखाली गेले, आणि गुरुवारची संध्याकाळ माझी ठरली. त्या दिवशी खुर्चीत मी बसते आणि ते ओट्याशी उभे राहतात. पूर्ण कानाचे सुख काय असते ते मला त्या गुरुवारांनी शिकविले. ते मोठे आहे, यात शंका नाही. तरी शुक्रवारी पुन्हा ओट्याशी उभे राहिल्यावर मला काही गमावल्यासारखे वाटत नाही. कारण आता ते उभे राहणे माझ्या पाळीचे असते, माझ्या जन्माचे नव्हे.

अलीकडे घरोघर एक नवी पद्धत आली आहे. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे गाणे आणि प्रत्येकाच्या कानात स्वतःची बोंडे. कन्या माहेरपणाला येते तेव्हा तिचीही तीच तऱ्हा असते. मी या यंत्रांची निंदा करणार नाही. गर्दीच्या लोकलगाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला जगातले कोणतेही गाणे पूर्ण कानाने ऐकता यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. माझ्या सासूबाईंना असे बोंड मिळते, तर त्यांनी चहा गाळता गाळता सबंध मैफल ऐकली असती. पण एकाच खोलीत तीन माणसे तीन गाणी ऐकत बसलेली पाहिली की मनात येते, यांच्या घरी पोह्यांचा राग कोणता असेल? सहा महिन्यांची माझी नात त्या खोलीत रांगत असते. तिच्या कानावर त्या तीन गाण्यांतले एकही पडत नाही. एवढे मी कन्येला एकदा बोलून दाखविले. तिने काही उत्तर दिले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गाणे मोठ्याने लागले होते. ते कोणते होते ते मला ओळखता आले नाही. नातीने मात्र पातेल्यावर पळी आपटून त्याला ठेका धरला.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. तिच्यामुळेच हा लेख लिहावयास बसले. तीन वर्षांपूर्वी यजमानांचे कान कमी झाले. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात बहुधा वरच्या पट्टीतील बारीक ध्वनी आधी जातात. त्यांनाही प्रथम तंबोऱ्याची जवारी ऐकू येईनाशी झाली. मग तबल्याच्या चाटेवरची टणक टिचकी गेली. डावा कान उजव्याहून अधिक गेला. श्रवणयंत्र आणले, पण ही यंत्रे मुख्यतः माणसाचे बोलणे कळावे याकरिता केलेली असतात. त्यांतून बोलणे येते, गाणे चेपटून येते. महोत्सवाच्या मांडवात तर सगळ्या नादांचा एकच गोळा होतो. एका वर्षी ते मध्यंतरातच उठून घरी आले आणि त्यानंतर पुन्हा गेले नाहीत. ज्या माणसाने जन्मभर पूर्ण कानाचा आग्रह धरला, त्याच्या पदरी वार्धक्याने अक्षरशः अर्धा कान टाकला. काही दिवस घरात गाणे लागलेच नाही. ते म्हणत, “अर्धवट ऐकण्यापेक्षा नकोच.” त्या दिवसांत घर किती मोठे आणि किती रिकामे वाटे, हे मी येथे वर्णन करीत नाही.

मग एका रविवारी पोह्यांच्या वेळी मीच तोडी लावली. यंत्र काढून ठेवा म्हटले आणि त्यांचे स्टूल अशा रीतीने मांडले की, चांगला कान गाण्याच्या बाजूला यावा. हातात कांदे दिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग चिरता चिरता म्हणाले, “खालचे स्वर येतात. वरचे मी आठवतो.” आणि थोड्या वेळाने: “सम आली का?” मी कढईपाशी होते. माझा निम्मा कान मोहरीकडे होता आणि निम्मा गाण्याकडे. “येतेय,” मी म्हटले, “आली.” त्यांनी विळीवर ठेवलेली मान बरोबर त्या जागी हलविली. तेव्हापासून हा आमचा रोजचा परिपाठ झाला आहे. जे त्यांना ऐकू येत नाही ते पन्नास वर्षे पूर्ण कानाने ऐकलेले असल्यामुळे त्यांच्या आठवणीत आहे. आणि आठवण कोठे मागेपुढे झाली तर ती जागेवर आणण्यास माझा सराईत अर्धा कान आहे. त्यांच्या त्या जुन्या, कडक, खुर्चीतल्या ऐकण्याची किंमत मला आता अधिक कळते. ते साठवण होते. आम्ही आता त्यावर निर्वाह करीत आहोत.

गाणे ऐकण्याचे शास्त्र पुढे कोणी नव्याने लिहावयास घेईल, तर त्याने मैफलीचे सर्व नियम आहेत तसेच ठेवावेत. ते चांगले आहेत. शेवटी एक लहानसे प्रकरण मात्र घरातल्या ऐकण्यावर घालावे. त्यात इतकेच लिहावे की, येथे उठण्यास, बोलण्यास आणि फोडणी देण्यास परवानगी आहे. मात्र ज्याची पाळी असेल त्यानेच उठावे.